भौतिकशास्त्राची ऑलिम्पियाड आणि आपली मुले

(कौंडण्यपूर येथे विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणावरून)



विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना इथे बोलायची संधी दिली, त्याबद्दल संयोजकांचे आभार. खेळांचे ऑलिम्पिक लहान पोरालाही ठाऊक आहे. पण भौतिकशास्त्राचीही एक जागतिक स्पर्धा असते, हे आपल्या तिवसा तालुक्यात किती घरांना माहीत असेल? ही स्पर्धा १९६७ साली पोलंडमधील वॉर्सा येथे सुरू झाली. भारत तिच्यात १९९८ पासून उतरतो. २०१५ साली ती आपल्या मुंबईत भरली, आणि २०१८ साली लिस्बन येथे भारताच्या पाचही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके मिळवली.

तिथवरची वाट अशी. बारावी किंवा त्याखालच्या वर्गातील मुलांसाठी पहिली परीक्षा 'एनएसईपी'. ती भारतीय भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना घेते. परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरात असते. फॉर्म त्याआधी दोन-तीन महिने भरावा लागतो. त्यातून निवडलेल्यांची दुसरी परीक्षा, मग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर, आणि शेवटी पाच जणांचा संघ. आपली मुले या परीक्षेत नापास होतात असे नाही, ती फॉर्मच भरत नाहीत. गळती तिथेच होते.

पालक म्हणतात, "सर, हे शयरातल्या क्लासवाल्या पोराइचं काम हाये. आपल्याले कसं जमन?" याचे उत्तर त्याच होमी भाभा केंद्राच्या इतिहासात आहे. ऑलिम्पियाडच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, डॉ. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसोबत काम केले. त्यांना काय दिसले? मुलांची बुद्धी कुठेच कमी नव्हती. आडवी येत होती ती पुस्तकाची अवघड भाषा, आणि प्रश्न विचारायची नसलेली सवय. भाषा सोपी केली, हाताने करून पाहायला दिले, आणि तीच मुले पुढे गेली. बंधू-भगिनींनो, हे आपण विसरून चालणार नाही.

आता तयारीविषयी. जागतिक स्पर्धेत ५० गुण असतात. ३० गुण लेखी, २० गुण प्रयोगाचे. दोन्हींना पाच-पाच तास. म्हणजे पाचातले दोन हिस्से हाताच्या कामाला आहेत. आणि हाताच्या कामात आपली पोरे कुणाला हार जाणार?

गवंड्याचा ओळंबा घ्या. टांगण्याच्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत दोरी एक मीटर ठेवा आणि हलकासा झोका द्या. एक झोका, जाऊन-येऊन, सुमारे दोन सेकंदांचा होतो. पण घड्याळ दाबताना हाताची चूक ०.२ सेकंदाची धरली, तर एका झोक्यावर ती १० टक्के झाली. वीस झोके मोजले, तर वेळ ४० सेकंद आणि चूक अवघी अर्धा टक्का! त्यावरून गुरुत्वत्वरण काढा. त्यात ही चूक दुप्पट होते, कारण सूत्रात वेळेचा वर्ग येतो. आता दोरी पाव मीटर करा. झोका निम्म्या वेळेचा झाला. का झाला? इथून खरा अभ्यास सुरू होतो. आपले माप किती खरे, हे सांगता येणे हीच प्रयोगाची परीक्षा. याला दोरी, वजन आणि मोबाईलमधले घड्याळ पुरते.

लेखी प्रश्नांचे तंत्र वेगळे. आपल्याकडे जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तो चांगलाच आहे. पण तिथे किती पाने झाली, याचाच हिशेब होतो. ऑलिम्पियाडला एकच प्रश्न तास-दोन तास धरून बसावे लागते. आधी आकृती काढा, कोणती बले लागतात ते लिहा, अडलात तरी उत्तर लगेच पाहू नका. जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह केंद्राच्या वेबसाईटवर फुकट मिळतात. चार-पाच जणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बसावे आणि एकाने फळ्यावर सोडवलेले दुसऱ्याने तपासावे.

भाषेची भीती नको. जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाचे शिक्षक प्रश्नपत्रिका आपल्या मुलांच्या भाषेत करून देतात. आपल्याकडच्या टप्प्यांना मात्र इंग्रजी शब्द लागतात. म्हणून एक वही करा: संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. दिवसाला पाच शब्द केले, तरी महिन्यात दीडशे होतात.

पदक सगळ्यांना मिळणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण एक वर्ष असा अभ्यास केलेला मुलगा किंवा मुलगी पुढे कुठल्याही परीक्षेला घाबरत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की आठवड्यातली ती एक संध्याकाळ मुलांना मोकळी द्या. मुलींना तर आवर्जून द्या. सभागृह आहे, फळा आहे, दिवा आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी आज जाण्यापूर्वी आमच्याकडे नावे लिहून द्यावीत. फॉर्म भरायला आम्ही सोबत बसू.

एवढे बोलून आम्ही आमचे मनोगत पूर्ण करतो. जयभीम.