एका फेरीचे गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृती किंवा आरोग्य यांवर बोलायचे, असा आपला प्रघात. मी मात्र आज नगररचनेचा विषय घेऊन उभी राहिले आहे. नाव जड असले तरी विषय आपल्या पिशवीतलाच आहे. पिशवी घेऊन बाहेर पडलेल्या बाईची किती कामे एका फेरीत उरकतात, यावरून गावाचा मध्यभाग चांगला की वाईट हे ठरते, असे माझे साधे मत आहे.

कुर्ल्याचा मध्यभाग घडवला तो आगगाडीने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून निघाली, ती आपल्या कुर्ल्यालाच आली. गिरणी-कारखान्यांतली माणसे या स्टेशनावर चढू-उतरू लागली आणि त्यांच्या घरच्या वाटेवर भाजी, कापड, भांडी येऊन बसली. पश्चिमेला स. गो. बर्वे मार्गावर लक्ष्मणराव यादव मंडईच्या इमारतीत महापालिकेच्या एल विभागाची कचेरी आहे. मंडई आणि कचेरी एकाच छपराखाली! पाण्याची तक्रार द्यावी आणि येताना मेथीची जुडी घ्यावी. ज्याने हे योजले त्याला बायकांच्या वेळेची किंमत कळत होती, असे मला नेहमी वाटते.

पुढे मात्र तिन्ही गोष्टींची फारकत झाली. फोर्ट आणि नरिमन पॉइंटकडची कचेऱ्यांची दाटी कमी व्हावी म्हणून १९७७ साली मिठी नदीकाठची सखल, दलदलीची जमीन विकासासाठी प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आली. ३७० हेक्टरांचे वांद्रे-कुर्ला संकुल ते हेच. हेतू चांगला होता आणि कचेऱ्या खरोखरच आल्या. पण नावात कुर्ला असले तरी संध्याकाळी कुर्ला स्टेशन गाठायचे, तर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते. माझी सून तिथेच नोकरीला आहे. ती म्हणते, "आई, आमच्याकडे कॉफी हवी तेवढी मिळते, कोथिंबीर मिळत नाही."

करमणूकही अशीच वेगळी पडली. २०११ साली लालबहादूर शास्त्री मार्गावर फिनिक्स मार्केटसिटी उघडली. मॉलला नावे ठेवण्याची फॅशन आहे; मी ठेवणार नाही. तिथे सावली आहे, बसायला बाक आहे, स्वच्छ स्वच्छतागृह आहे. आपल्या मुली तिथे जातात त्या केवळ खरेदीसाठी नव्हे. प्रश्न एवढाच, की एवढ्या साध्या सोयी बाजारपेठेत का नसाव्यात?

इंग्लंडात नगररचनेचा एक नियम आहे. मोठी दुकाने, करमणुकीच्या जागा, कचेऱ्या यांसाठी आधी गावाच्या मध्यभागी जागा पाहायची. तिथे नसेल तर त्याच्या काठावर. अगदीच नाइलाज झाला तर गावाबाहेर. आपल्या शहराची दाटी निराळी हे खरे. पण नियमामागचा विचार आपल्याला घेता येईल: नवे उभारताना जुन्याशी पायवाट जुळली पाहिजे.

ही काही केवळ सोयीची बाब नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी याच बर्वे मार्गावर बसचा अपघात होऊन माणसे दगावली. त्याची कारणे शोधण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी ते करावे. पण त्या रस्त्याने आपण रोज जातो. बस, रिक्षा, हातगाडी, कडेवर मूल घेतलेली बाई, सारी एकाच अरुंद वाटेने! पायी चालणाराला हक्काची जागा नसेल, तर बाजार कितीही गजबजला तरी तो मध्यभाग नव्हे, नुसती कोंडी.

"मग फेरीवाल्यांना उठवा," असे कोणी म्हणेल. पण मावळत्या उन्हात भाजी विकणारी बाई आपल्याइतकीच घर चालवते. २०१४ च्या कायद्याने तिला संरक्षण दिले असून शहर फेरीवाला समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. दुसरीकडे, स्टेशनापासून १५० मीटरांच्या आत विक्री नको, असे उच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. तेव्हा तिला उठवायचे असेल, तर त्या हद्दीबाहेर पण घरच्या वाटेवरच बसवले पाहिजे. वाटेवेगळ्या जागी बसवलेली भाजी विकली जात नाही, हे आपल्यापेक्षा कोणाला अधिक ठाऊक?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. स्टेशनापासून मंडईपर्यंत अखंड पदपथ हवा. बाजारात बाक आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवे. आणि संकुलापासून स्टेशनापर्यंत दिवाबत्तीची, निर्धास्तपणे चालता येईल अशी वाट हवी.

"आपले कोण ऐकतो?" असे म्हणू नका. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर लोकांनी एवढ्या हरकती घेतल्या, की तो नव्याने करावा लागला आणि २०१८ साली मंजूर झाला. हरकत घ्यायला पदवी लागत नाही. कागद आणि सही लागते. कागद मी आणला आहे. चहा झाला की सह्या करू, आणि सोमवारी एल विभागात नेऊन देऊ. येताना भाजीही घेऊ. कचेरी मंडईतच आहे.