काश्मीर ते कन्याकुमारी : एका निवाऱ्यासाठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात सायकल-पथकातर्फे केलेले भाषण)



आम्ही सात सायकलस्वार आणि आमचे एक सारथी, अशा आठ जणांच्या वतीने चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने केली आहे. व्यासपीठावर उभा एकच असला तरी शब्द आठांचे आहेत. म्हणून या भाषणात ‘मी’ येणार नाही, अशी आमच्यात बोलीच झाली आहे. ती चुकून मोडली गेली तर खाली बसलेले सात जण येथेच टोकतील, याची आम्हांस खात्री आहे.

प्रथम, हे सारे कशासाठी घडले ते सांगणे उचित होईल. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी हे मंडळ स्थापन केले, त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न गणेशोत्सवाचा नव्हता आणि नाटकाचाही नव्हता. नोकरीनिमित्त नव्याने बंगळूरला आलेल्या मराठी माणसाने पहिले आठ दिवस पाठ कोठे टेकावी, हा तो प्रश्न होता. भाड्याच्या दोन खोल्या, चार सतरंज्या आणि एक स्टोव्ह, एवढ्यावर मंडळाचा संसार सुरू झाला, असे आमचे ज्येष्ठ सांगतात. पुढे वास्तू झाली, सभागृह झाले. नव्याने येणाऱ्यांना कंपन्यांची वसतिगृहे आणि मित्रांची घरे मिळू लागली, आणि त्या सतरंज्या माळ्यावर गेल्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातील एक भगिनी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात आजारी शेजाऱ्यांना भेटावयास गेल्या होत्या. फाटकाबाहेर पदपथावर एक बाई चुलीवर भात शिजवीत होत्या आणि शेजारच्या मुलाला मराठीतून रागे भरत होत्या. सोलापूरकडचे कुटुंब. नवरा आत खाटेवर, आणि बायको-मुले बावीस दिवस पदपथावर. अशी माणसे केवळ मराठी नसतात. कलबुर्गीची असतात, अनंतपूरची असतात, ओडिशाचीही असतात. औषधांना पैसे पुरत नाहीत, तेथे लॉजचे भाडे कोठून द्यावे? त्या रात्री ताईंनी घरी येऊन आम्हांला विचारले, “आपल्या माळ्यावरच्या सतरंज्यांचे काय झाले?”

त्या एका प्रश्नातून मंडळाच्या मागील बाजूस रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चार खोल्यांचा निवारा उभारण्याचा संकल्प झाला, आणि त्यासाठी निधी जमविण्याच्या खटपटीतून सायकली निघाल्या.

सायकलवरून देश ओलांडण्याची कल्पना आमची नव्हे. १९८५-८६ साली बाबा आमटे यांनी शेकडो किलोमीटर नव्हे, तर कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुणांची ‘भारत जोडो’ सायकलयात्रा नेली, आणि १९८८ साली अरुणाचलापासून गुजरातपर्यंत दुसरी. त्या वेळी बाबांनी सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते वाहनात आडवे पडून त्या तरुणांबरोबर गेले. आमची झेप फार लहान. तरीही मार्ग आखताना आम्ही त्यांचे स्मरण केले, आणि पुढे एका कठीण रात्री त्याचाच आधार आम्हांला मिळाला. तो प्रसंग क्रमाने येईलच.

श्रीनगर ते कन्याकुमारी हा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सुमारे ३,७०० किलोमीटरांचा आहे. ऑक्टोबरच्या आरंभी निघून चाळीस दिवसांत तो पार करावयाचा होता. देणगीदारांनी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले होते. प्रवासखर्च ज्याचा त्याने सोसावयाचा, निधीतील एक रुपयाही टायरट्यूबवर जाता कामा नये, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की सर्वांत संथ चालविणारा सर्वांत पुढे राहील आणि त्याच्या गतीने सारे चालतील. तिसरा नियम, शेवटच्या ठिकाणी सारे एकत्र पोचतील.

दुसरा नियम ऐकावयास सोपा, पाळावयास अवघड. आमच्यात दोन तरुण संगणक अभियंते होते, आणि वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण केलेले, साऱ्यांचे ‘काका’ होते. बनिहाल उतरून जम्मूकडे येईपर्यंत तरुणांचा धीर सुटू लागला होता. वाटेतील लांब बोगदे आम्ही सायकली गाडीवर चढवून पार केले आणि तेवढे अंतर हिशेबातून वजा केले. त्यामुळे वेळ वाचला तरी काकांची गती काही वाढली नाही. पंजाबच्या सपाट रस्त्यावर एके दिवशी दोघे तरुण न राहवून पुढे निघून गेले. वीस किलोमीटरांवर एकाचे चाक फुटलेल्या ट्रकटायरच्या तारेने पंक्चर झाले, आणि सुटी ट्यूब व पंप दोन्ही मागे काकांच्या पिशवीत! दोघे दीड तास उन्हात बसून राहिले. काका पोचले, त्यांनी पिशवी उघडून पंप पुढे केला, आणि “चहा घेतलात का रे?” एवढेच विचारले. त्यानंतर कोणी पुढे गेले नाही.

जालंधर आणि लुधियाना यांच्या दरम्यान आम्ही एका गुरुद्वारात उतरलो. आमचे नाव विचारण्याआधी आमच्या हाती ताट आले आणि रात्री अंथरूण मिळाले. सकाळी आम्ही निवाऱ्यासाठी निधी गोळा करीत आहोत हे कळताच तेथील वृद्ध सेवेकरी म्हणाले, “इमारत बनाना आसान है जी, रोज़ झाड़ू लगाने वाला ढूँढ लेना.” हे वाक्य आम्ही तेथे हसून ऐकले, परंतु ते आमच्याबरोबर कन्याकुमारीपर्यंत आले.

पानिपतला काला आंब येथे थांबल्यावाचून मराठी माणसाच्याने पुढे जाववत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या मैदानावर उतरलेले सैन्य आधी उपासमारीने खचलेले होते. रसद आणण्याची व शत्रूची रसद तोडण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले होते. पुढे त्याच गोविंदपंतांच्या सागर शहरातून आम्ही गेलो. शौर्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. पाणी कोणी आणले, धान्य कोणी आणले, हे मात्र क्वचित सांगतो. आमच्या गाडीचे कन्नड सारथी दररोज पहाटे चारला उठून पाण्याची पिंपे भरीत, आणि सायंकाळी मुक्कामी मोठ्याने मोजदाद करीत, “सायकली सात, माणसे आठ.” ती मोजदाद झाल्यावाचून आम्ही कोणी जेवत नसू.

नद्यांची नावे भूगोलात पाठ केली होती. आता ती पायांनी पाठ झाली. चिनाब, रावी, बियास, सतलज, आग्र्याला यमुना, धोलपूरच्या पुढे चंबळ, बरमानला नर्मदा. पेंचच्या जंगलात वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून उंच उभारलेल्या रस्त्यावरून आम्ही महाराष्ट्रात उतरलो, नागपूरचा शून्य मैलाचा स्तंभ पाहिला, आणि हिंगणघाटच्या पुढे वेचणीला आलेल्या कपाशीच्या कडेने चालू लागलो. तेथे चहाच्या टपरीवर एक आजी म्हणाल्या, “कुठून आले जी तुम्ही?” आम्ही अभिमानाने सांगितले, “बंगळूरहून.” आजींनी आम्हांला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाल्या, “मराठी मात्र चांगलं बोलता हो!”

बंधुभगिनींनो, आम्ही हसलो, पण रात्री त्यावर पुष्कळ बोलणे झाले. उत्तरेत आम्हांला ‘मद्रासी’ म्हणत, महाराष्ट्रात आम्ही ‘बंगळूरचे’ झालो, आणि पुढे तमिळनाडूत आम्ही ‘उत्तरेकडचे’ ठरलो. आपण सारेच असे आहोत, सर्वत्र थोडेसे पाहुणे. त्याचे दुःख मानावे असे आम्हांस पूर्वी वाटे. आता वाटते की पाहुणा असण्याचा अनुभव ज्याला आहे, त्यालाच पाहुण्याची अडचण आधी कळावी.

पैनगंगा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा ओलांडून आम्ही बंगळूरला, म्हणजे स्वतःच्याच गावी पोचलो. तीन हजार किलोमीटर मागे पडले होते, साडेसहाशेहून काही अधिक उरले होते. तुम्ही केलेले स्वागत आम्ही विसरणार नाही. परंतु खरी परीक्षा स्वागतानंतरची होती. घर दहा मिनिटांवर, आणि घरी गेलेला माणूस पहाटे पाचला परत येईलच, अशी स्वतःविषयीची खात्री आमच्यापैकी कोणालाच नव्हती. म्हणून आम्ही माळ्यावरच्या सतरंज्या काढून याच सभागृहात झोपलो. एकीच्या लहान मुलीला ताप होता, म्हणून तेवढी एकटी घरी गेली. “तू आता नाही आलीस तरी चालेल,” असे आम्ही तिला सांगितले होते. शेजारच्या वहिनींनी मुलीची जबाबदारी घेतली, आणि पहाटे पावणेपाचला फाटकावर सर्वांच्या आधी तीच उभी होती. त्या वहिनी आज या सभेत आहेत. त्यांनी एक किलोमीटरही सायकल चालविली नाही; तरी आमच्या हिशेबात त्या नवव्या आहेत.

धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांब, रहदारी अवजड, आणि त्या सकाळी पाऊस. सारथी मागून “निधाना, निधाना” असे ओरडत होते, आणि काका संथच होते. तरीही रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून त्यांचे चाक घसरले. सेलमला डॉक्टरांनी डाव्या मनगटाचे हाड मोडल्याचे सांगून प्लास्टर घातले. आता पाचशे किलोमीटर उरले होते, आणि तिसरा नियम आमच्यापुढे उभा होता.

त्या रात्री लॉजच्या खोलीत प्रथमच आमच्यात वाद झाला. कोणी म्हणाले, येथेच थांबावे. कोणी म्हणाले, देणगीदारांना शब्द दिला आहे. आमच्यातील सर्वांत धाकटा रडवेला होऊन म्हणाला, “काका, तुम्ही बसने घरी जा. आम्ही तुमच्या वाटचेही चालवू.”

काका म्हणाले, “घरी जाऊन करू काय? गाडीत बसून पाणी तरी देईन. बाबा आमटे गाडीतूनच गेले होते ना? मग त्यांची यात्रा पुरी झाली नाही, असे म्हणशील का तू?”

त्यावर कोणी काही बोलले नाही. पहाटे पाचला आम्ही निघालो. काकांनी उजव्या हाताने पाणी दिले, केळी सोलली, आणि संथ चालविणाराला पुढे ठेवण्याचा नियम गाडीतून आमच्याकडून पाळून घेतला.

सेलमहूनच आम्ही प्रत्येक देणगीदाराला कळविले की यापुढील अंतर सातांनी नव्हे, सहांनी कापलेले असेल. न कळवावे असाही एक मोह होता; कोणाला कळणार होते? बहुतेकांनी ठरलेली रक्कम पूर्ण दिली. दोघांनी हिशेबाप्रमाणे कमी दिली. आम्ही त्या दोघांचेही मनःपूर्वक आभार मानतो, कारण आमच्या शब्दाला किंमत आहे असे समजूनच त्यांनी तो हिशेब केला.

कावेरी, वैगई, ताम्रपर्णी ओलांडल्या. मुप्पंडलच्या पवनचक्क्यांच्या रांगा मागे पडल्या. ईशान्य मोसमी पावसाने कपडे सुकू दिले नाहीत. कन्याकुमारी दोन किलोमीटरांवर आली तेव्हा गाडी थांबली आणि काका खाली उतरले. आम्हीही उतरलो. ठरवून काही झाले नाही. सारथ्यांनी गाडी कडेला लावली आणि काकांची सायकल हाती घेतली. शेवटचे ते अंतर आम्ही आठही जण सायकली हाताने धरून पायी चाललो. समुद्र दिसला तेव्हा जयघोष झाला नाही. सारथ्यांनी मोजदाद केली, “सायकली सात, माणसे आठ.”

समोर विवेकानंद शिलास्मारक होते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी देशभरातील सामान्य माणसांकडून एकेक रुपया जमवून १९७० साली ते पूर्णत्वास नेले. एका रुपयाचे सामर्थ्य काय असते, हे शिलेकडे पाहताना आम्हांस जाणवले. आणि आपला निधी अजून अपुरा आहे, हेही आठवले.

होय, तो अपुराच आहे. चार खोल्यांचा संकल्प होता. जमलेल्या रकमेतून दोन खोल्या बांधून होतील आणि पहिल्या वर्षाचा खर्च भागेल. हे येथे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. परंतु आज आम्ही अधिक पैसे मागण्यासाठी उभे नाही. गुरुद्वारातील त्या वृद्धाचे म्हणणे आता आम्हांला पटले आहे. दररोज सायंकाळी येऊन खोल्या उघडणारे, चादरी बदलणारे, आणि पहिल्या रात्री घाबरलेल्या नातेवाइकाला रुग्णालयाचा रस्ता दाखविणारे हात हवे आहेत. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तीत आठवड्याच्या सात वारांपुढे रकाने आखले आहेत. सोमवारच्या रकान्यात काकांनी प्लास्टर उतरण्याआधीच आपले नाव घातले आहे, आणि उजव्या हाताने झाडू मारता येतो, असे ते सांगतात.

उरलेले सहा वार मोकळे आहेत. आम्ही बाकीचे सात जण ते भरू शकलो असतो, पण मुद्दाम भरलेले नाहीत. हा रस्ता आठांचा नाही, सर्वांचा आहे, आणि येथेही नियम तोच आहे, ज्याची गती संथ त्याने पुढे राहावे. ज्यांना आठवड्यातून एकच तास देता येईल त्यांनी प्रथम नाव लिहावे, ही विनंती.