पलुस्कर पितापुत्र आणि नाशिक

भजनाला रागसंगीताच्या मैफलीत मानाचे स्थान देणाऱ्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. कुरुंदवाड येथे 1872 मध्ये जन्मलेल्या पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते रामभक्तीकडे वळले आणि नाशिकला आश्रम स्थापून राहिले. ‘रघुपती राघव राजाराम’ या धुनीची रूढ चाल त्यांचीच मानली जाते. तिचे स्वर मोजके असल्याने ती गायला गवई लागत नाही. समूहही ती सहज उचलतो. शास्त्र जाणणाऱ्या रचनाकाराने इतके सोपे लिहावे, हे खरे मोठेपण. 1931 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु, म्हणजे बापूराव, यांचा जन्म 1921 मध्ये नाशिकलाच झाला. वडील गेले तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी त्यांना घडवले. तीन मिनिटांच्या तबकडीतही रागाचे रूप पूर्ण उभे करणे आणि तानेच्या ओघात शब्द न तुटू देणे ही त्यांची खासियत होती. संत कवींची भजने त्यांच्या स्वच्छ, गोड आवाजात ऐकताना अर्थ आधी पोचतो आणि राग नकळत रुजतो. राग न ओळखणारा श्रोताही म्हणूनच त्यांच्यावर लोभ करतो. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात ते उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर गायले. 1955 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.