आधीचे विमान

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतील मनुष्य जन्मभर एक विद्या शिकत असतो, ती म्हणजे आधीची गाडी धरण्याची. सव्वाआठची लोकल आपली असली तरी तो आठालाच फलाटावर हजर असतो. अंबरनाथचा नोकरदार तर मुंबईस जाण्यासाठी प्रथम उलट दिशेने बदलापुरास जातो, गाडीतून न उतरता तेथेच जागा धरून बसतो, आणि त्याच गाडीने पुन्हा अंबरनाथवरून मुंबईकडे निघतो. परक्यास हा प्रकार हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याने साठ किलोमीटर एका पायावर काढले आहेत, त्यास वाटणार नाही. लोकलच्या पासावर गाडीची वेळ लिहिलेली नसते. जी आली ती आपली. विमानाचेही असेच असेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

गेल्या वर्षी जून महिन्यात माझी वडील बहीण नागपुरास आजारी पडली. भाच्याने रात्री आठच्या विमानाचे तिकीट काढून दिले. मी सकाळी साडेदहालाच घर सोडले. आमच्या बाजूस पावसाळ्यात रेल्वेचा भरवसा धरीत नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, आणि हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले होते. ते पाणी आम्ही डोळ्यांनी पाहिलेले. त्या दिवशी मात्र पावसाने दडी मारली. घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्यास ती बदलून भुयारी मेट्रो, असे करीत मी एकच्या सुमारास विमानतळावर पोहोचलो देखील! सात तास हाताशी.

दुपारी सामान घेण्यास सुरुवात होताच मी बॅग देऊन मोकळा झालो. तीत कपडे होते आणि डब्यात घातलेली बदलापूरची जांभळे होती; ताईने ती मागितली होती.

पावणेचारला भाच्याचा फोन आला. "मामा, आई सारखी तुमचे नाव घेते आहे. लवकर येता आले तर पाहा." मी फळ्याकडे पाहिले. सव्वापाचला नागपुरास जाणारे त्याच कंपनीचे विमान होते. धावतच खिडकीशी गेलो. तेथील मुलीने यंत्रात पाहून सांगितले, "काका, दोन जागा आहेत." माझा जीव भांड्यात पडला. लगेच तिने विचारले, "सामान दिलेत का?"

येथे थोडे थांबून या व्यवहाराची रीत सांगतो. तिकीट काढले की आपले नाव त्या एका विमानाशी बांधले जाते. आधीच्या विमानात जागा उरली असेल तर काही कंपन्या ज्यादा पैसे घेऊन बदल करून देतात, काही देत नाहीत. ते तिकिटाच्या प्रकारावर असते. जागा नक्की नसेल तर नाव टिपून ठेवतात, आणि नोंदणी बंद होण्याच्या वेळी, म्हणजे देशांतर्गत प्रवासात साधारणतः सुटण्यापूर्वी एक तास, कोण आले नाही ते पाहून निर्णय देतात. काही लोक येत नाहीत हे कंपन्यांसही ठाऊक असते. म्हणून त्या कधी कधी जागांहून अधिक तिकिटे विकतात. सर्वच आले तर पक्के तिकीट असलेलाही मागे राहतो. त्यास भरपाई देण्याचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केला आहे. एका तासाच्या आत दुसरे विमान दिले, तर मात्र काही मिळत नाही.

असो. माझी अडचण जागेची नव्हती, बॅगेची होती. ती आत गेली होती. शोधून परत आणावयास वेळ हवा, आणि सव्वाचारला खिडकी बंद होणार. मी म्हटले, "बॅग मागाहून आठच्या विमानाने येऊ द्या. नाही आली तरी चालेल, पण मला जाऊ द्या." ती म्हणाली, "काका, माणूस एका विमानात आणि त्याची बॅग दुसऱ्यात, असे आम्हाला करता येत नाही." मी रागावलो. शाळामास्तराचा आवाज चढवून मी त्या पोरीशी हुज्जत घातली, याची मला आजही लाज वाटते.

कारण ही गोष्ट मला ठाऊक असावयास हवी होती. २२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे एक मनुष्य असाच खिडकीशी हुज्जत घालीत उभा होता. टोरोंटोपर्यंतचे त्याचे तिकीट पक्के होते. पुढे एअर इंडियाच्या विमानात त्याचे नाव प्रतीक्षायादीत होते. जागा पक्की नसता सामान दिल्लीपर्यंत पाठविता येत नाही, असे त्यास सांगण्यात आले. त्याने हट्ट धरला. मागे रांग वाढत होती. अखेर बॅग घेण्यात आली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅगेत बॉम्ब होता. दुसऱ्या दिवशी 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर फुटले, आणि ३२९ माणसे गेली. मालकावाचून बॅग जाऊ न देण्याचा दंडक त्यानंतर जगभर कडक झाला. वर्गात मी या अपघाताविषयी कितीदा तरी बोललो असेन. पण त्या दुपारी जांभळांच्या डब्याशी त्याचा संबंध आहे, हे माझ्या ध्यानी आले नाही. बॅग हातीच ठेवून प्रथम जागेची चौकशी केली असती, तर सव्वापाचला मी आत असतो.

सव्वापाचचे विमान मी काचेतून जाताना पाहिले. आठचे वेळेवर सुटले. दहाच्या पुढे रुग्णालयात पोहोचलो तेव्हा भाचा दारातच भेटला. सातनंतर ताई शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली. मधल्या काळात तिने डोळे उघडले नाहीत. जांभळे नातवंडांनी खाल्ली.

परतताना मजजवळ केवळ हातातली पिशवी होती. नागपूरच्या खिडकीवरील तरुणाने आपण होऊनच विचारले, "आजोबा, आधीच्या विमानात जागा आहे, जाता का?" मी गेलो, आणि दिवे लागण्यापूर्वी बदलापुरास पोहोचलो.