भयकथा कुठून वाचायला घ्याव्या?

भयकथा म्हटलं की नारायण धारपांचं नाव येतंच. ‘समर्थ’ या त्यांच्या पात्राच्या कथांपासून ‘लुचाई’ कादंबरीपर्यंत त्यांनी भरपूर लिहिलं. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागेही त्यांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे. पण तेवढ्यावर थांबू नका.

रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ हा कथासंग्रह घ्या. तिथे भुतं कमी, माणसंच जास्त. घर नेहमीचंच, बोलणंही साधं. आणि वाचता वाचता कळतं, की समोरच्या माणसाच्या मनात काहीतरी भलतंच शिजतंय. मला विचाराल तर मराठीतली खरी भीती हीच! किंकाळ्या आणि रक्ताची थारोळी लिहायला तशी सोपी.

पुढच्या पिढीतल्या हृषीकेश गुप्ते यांचा ‘अंधारवारी’ हा कथासंग्रहही जरूर मिळवा. ‘दंशकाल’ ही त्यांची कादंबरी मात्र सवडीने वाचायची.

नव्या, अपरिचित लेखकांसाठी दिवाळी अंक चाळा. ‘धनंजय’सारख्या अंकांनी गूढकथेला वर्षानुवर्षं हक्काची जागा दिली आहे. जवळच्या ग्रंथालयात जुने अंक असतील, तर ग्रंथपालांकडे जरूर विचारा.