राख खोटी नव्हती
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी बँकेतला माणूस, इंजिनिअर नव्हे. तरी आज सिमेंटवर बोलणार आहे, कारण माझ्या खात्यावर एक जुनी बाकी आहे.

२५ वर्षांपूर्वी आपण बांधकामाला राखमिश्रित सिमेंट घेतलं, तेव्हा सभेत केवढा गदारोळ झाला! "एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली राख आमच्या घरात कशाला?" खजिनदार म्हणून मीही त्याच मताचा. तेव्हा आर्किटेक्ट साहेबांनी समजावलं. सिमेंटमध्ये पाणी पडलं की थोडा चुना सुटतो. राखेचे बारीक कण त्या चुन्याशी संयोग पावतात, आणखी बांधणारं द्रव्य तयार होतं आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजतात. मग पाणी आणि क्षार सळईपर्यंत सहज पोचत नाहीत. जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी घालत, तिचं तत्त्व हेच. अशा सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मानकाला मान्य आहे. घाटघरच्या धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे.

मात्र ही क्रिया सावकाश चालते. मुदत ठेवच म्हणा ना. मुदतीआधी मोडली की नुकसान आपलंच. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, तर राखेच्या सिमेंटला किमान १० आणि शक्यतो १४ दिवस.

पार्किंगमधले मागचे चार खांब भरले तेव्हा मे महिना होता. टँकरची बिलं पाहून मी चौथ्या दिवशीच पाणी बंद करायला लावलं. हिशेबात बचत दिसली, सभेत माझं कौतुकही झालं. आज त्याच चार खांबांचे पोपडे निघालेत, सळया गंजल्यात. बाकीचे खांब ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या इंजिनिअरांनी पहिला प्रश्न विचारला, "इथे पाणी किती दिवस मारलं होतं?" कुणीतरी म्हणालं, "राखेचं सिमेंट, दुसरं काय!" मी गप्प राहिलो. आज सांगतो, दोष राखेचा नव्हता, माझा होता.

दिवाळीनंतर दुरुस्ती सुरू होईल. नव्या समितीला एकच विनंती: काटकसर कुठेही करा, पाण्यात करू नका. गोणपाट ओलं ठेवायची १४ दिवसांची पाळी माझी. सकाळी सहाला मी नळी घेऊन पार्किंगमध्ये असेन. बालमित्रांनो, मदतीला या.