डॉक्टरचा पांढरा डगला



संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. नंदीध्वज उचलणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. ती पाहिली की 'हा कोण?' असे कोणी विचारत नाही. गर्दी आपणहून वाट देते. कपडा न बोलता माणसाची ओळख सांगतो. डॉक्टरच्या डगल्याचेही तसेच आहे.

दवाखान्यात समोर पांढरा डगला दिसला, गळ्यात नळी दिसली, की आपल्याला धीर येतो. हा माणूस जाणता आहे, असे वाटते. हे काही आपल्या खेड्यातच घडते असे नाही. अमेरिकेत दहा रुग्णालयांतल्या चार हजारांवर रोग्यांना याबद्दल विचारले. ती माहिती २०१८ साली छापून आली. निम्म्याहून अधिक रोगी म्हणाले, 'डॉक्टरचा पोशाख आम्हाला महत्त्वाचा वाटतो.'

पण हा डगला पहिल्यापासून पांढरा नव्हता बरे का! दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेतले डॉक्टर काळ्या कोटात शस्त्रक्रिया करीत. कोटावर जुन्या रक्ताचे डाग असत. जखमा चिघळत आणि माणसे दगावत. १८६७ साली जोसेफ लिस्टर या डॉक्टरने आपला अनुभव छापला. जंतू मारणारे औषध वापरले तर जखमा चिघळत नाहीत, असे त्यांनी दाखवले. पुढे स्वच्छतेचे महत्त्व पटत गेले. पांढऱ्यावर मळ लगेच दिसतो, म्हणून पांढरा डगला आला.

तोच डगला धुतला नाही तर? लांब बाही एका रोग्याला लागते, मग दुसऱ्याला लागते. म्हणून ब्रिटनच्या सरकारने २००७ साली रुग्णालयांना सांगितले, की लांब बाह्यांचे डगले नकोत. हात कोपरापर्यंत उघडे असले म्हणजे नीट धुता येतात. तेव्हा डगल्यापेक्षा डॉक्टर हात धुतात का, ते पाहावे.

काहींना डगला पाहून धीर येतो, तर काहींची छाती धडधडते. घरी रक्तदाब ठीक असतो, आणि डॉक्टरांसमोर तोच वाढतो. असे पुष्कळांचे होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाच मिनिटे शांत बसावे आणि पुन्हा मोजायला सांगावे. मात्र आपल्याच मनाने गोळी बंद करू नये.

आणखी एक खोड आपल्याला आहे. साडीतली डॉक्टरीण दिसली की आपण तिला 'सिस्टर' म्हणतो, आणि 'मोठे डॉक्टर कधी येणार?' असे तिलाच विचारतो. तिला काय वाटत असेल?

आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवा. त्यांचा जन्म १९१० सालचा. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला धाडले. तिथे जपानशी लढाई चालू होती. त्या पाचांत कोटणीस होते. तिथल्या छायाचित्रांत त्यांच्या अंगावर शिपायाचा साधा गणवेश दिसतो. ते चिनी भाषा शिकले. जखमी माणसाशी त्याच्याच बोलीत बोलू लागले. १९४२ साली ते तिथेच वारले. वय अवघे बत्तीस. सोलापुरात त्यांच्या घरी आज स्मारक आहे. आणि चीनमध्येही लोक त्यांची आठवण ठेवतात.

डगला तर बाजारात कोणालाही विकत मिळतो. नळीही मिळते. गावोगाव फिरणारा भोंदू हे जाणतो. तो दोन्ही घेतो आणि सुई टोचत सुटतो. त्याला ओळखायचे कसे?

आता आपल्याला वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. ॲलोपॅथीच्या डॉक्टराची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. २००२ सालच्या नियमाप्रमाणे हा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे. औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही तो हवा. वैद्य आणि होमिओपॅथी डॉक्टर यांचीही वेगळी नोंद असते. चिठ्ठी हातात आली की नाव वाचा, क्रमांक वाचा. दिसला नाही तर सरळ विचारा, 'डॉक्टरसाहेब, तुमचा नोंदणी क्रमांक कुठे लिहिला आहे?' आणि चिठ्ठी घरी जपून ठेवा. पुढच्या खेपेला ती लागते.